वैशाखातली तपासणी

अंबडच्या लॅबमध्ये मी थायरॉईडच्या रिपोर्टसाठी बसलो होतो. शेजारी सुरगाण्याकडचा एक तिशीतला माणूस होता, फाउंड्रीत भट्टीवर काम करणारा. बोलताना तो माझ्याकडे न बघता दाराकडे बघायचा आणि स्वेटरची बाही सारखी मनगटावर ओढायचा.

त्याला काउंटरवर बोलावलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सगळं नॉर्मल आहे. मागची तपासणी वैशाखातली होती. पुरुषांचे हार्मोन्स ऋतूप्रमाणे थोडे खालीवर होतात, शुक्राणूही उन्हाळ्यात कमी दिसू शकतात, त्यात तुमचं काम भट्टीवरचं. एका तपासणीवर काही ठरवायचं नसतं. आता मिसेसना घेऊन या."

तो परत येऊन बसला. मी म्हणालो, "बरं झालं की."

"बायको नाय आता. त्या वैशाखातल्या रिपोर्टवर मीच पंचांपुढं काडी मोडली."

पंचांसमोर गवताची काडी मोडली की त्यांच्याकडे नवरा-बायको सुटे होतात, हे मी ऐकून होतो. कुणी एका रिपोर्टवर ती मोडली असेल, असं मनातही आलं नव्हतं.

"माझ्यापायी तिला लोक वांझ म्हनायचे. दिवाळीआधी तिचं दुसरं लगीन झालं, पेठला. आता मलाबी सोयरीक आलीय. त्या पोरीला फसवायला नको, म्हनून पुन्हा तपासलं."

त्याची बोटं हातात नसलेली काडी मोडत राहिली.

"बायको तयार नव्हती काडी मोडायला," तो दाराकडे बघत म्हणाला. "म्हनत होती, डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, थंडीपर्यंत थांबू."