मी बदललेली बाटली

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. माझ्या धाकट्या भावाला, मिलिंदला तर नाहीच — आणि खरं तर ऐकण्याचा पहिला हक्क त्याचा होता. की सुमनताईंचा? तेही मला नीट ठरवता येत नाही.

एकोणऐंशी साली मी नाशिकमध्ये एका खाजगी दवाखान्यात लॅब टेक्निशियन होते. मूल होत नसलेली जोडपी तिथे यायची. एकलहऱ्याहून रोजचं येणं-जाणं जड पडायचं, म्हणून मी जवळ खोली बघत होते. एका बंगल्यामागची खोली पसंत पडली. घरमालकांनी चहा सांगितला, मग आडनाव विचारलं. मी सांगितलं. चहा आलाच नाही. "खोली कालच गेली हो," ते म्हणाले. पुढे दोन महिने 'खोली भाड्याने देणे आहे' ही पाटी फाटकावर तशीच होती. मी रोज तिथूनच जायचे, दुसरा रस्ता असूनही. का? राग विझू नये म्हणून.

दोन वर्षांनी तेच गृहस्थ बायकोला, सुमनताईंना घेऊन दवाखान्यात आले. मला ओळखलं नाही त्यांनी. दोष नवऱ्यात होता. डॉक्टरांनी दुसऱ्या पुरुषाचं बीज वापरायचा उपाय सुचवला, तेव्हा त्यांनी एकच अट घातली — "माणूस आमच्यातलाच हवा, डॉक्टर. उंच, गोरा. रक्तात भेसळ नको." डॉक्टर हो म्हणाले. मी शेजारीच उभी होते, बाटल्यांवर नंबर लिहीत. भेसळ!

त्या सकाळी टेबलावर दोन बाटल्या होत्या. एक त्यांच्या अटीतली, दुसरी मिलिंदची. तो सातपूरला कारखान्यात होता, तब्येतीने दणकट. डॉक्टरांनीच त्याला विचारलं होतं. आम्ही भावंडं त्याबद्दल कधी एक शब्द बोललो नाही. मी नंबर बदलले. मागेपुढे पाहिलं का? नाही. ज्या घरात मला खोली मिळाली नाही, त्या घरात आमचं मूल वाढेल — एवढंच डोक्यात होतं, आणि ते फार गोड लागत होतं. त्यांच्या अटीतली बाटली ज्या दुसऱ्या बाईसाठी गेली, तिचा तर मी विचारही केला नाही.

आत सुमनताईंनी माझा हात धरला. "ताई, नीट होईल ना हो सगळं?"

"होईल," मी म्हटलं.

त्यांनी माझं काय वाकडं केलं होतं? आडनावसुद्धा विचारलं नव्हतं. सूड नवऱ्यावर होता — आणि शरीर त्यांचं.

मुलगी झाली. गृहस्थ पेढे घेऊन आले. "नाक बघा, आमच्या घराण्याचं!" मी दोन पेढे खाल्ले. कितीतरी दिवस ते वाक्य आठवून मनात हसत होते.

मग मिलिंद तिन्हीसांजेला अडखळायला लागला. तिशीही उलटली नव्हती. वडिलांचे डोळे चाळिशीत गेले होते — एकलहऱ्याच्या वीज केंद्रात भट्टीवर काम करून, तिथल्या राखेने, असंच आम्ही धरून चाललो होतो. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, हा आजार घराण्यातून येतो. प्रत्येक मुलाला होण्याची शक्यता निम्मी. औषध नाही. मिलिंद माझ्या शेजारी बसून हे ऐकत होता. माझा भाऊ आंधळा होणार होता, आणि माझ्या मनात पहिलं काय आलं, सांगू? आता बघा म्हणावं तुमचं शुद्ध रक्त. भावासाठी रडू आलं, ते नंतर.

सुमनताईंना सांगायला हवं होतं. नोकरी जाईल, मिलिंदला कळेल — ही भीती होतीच. पण तिच्याखाली राग जागा होता. कळू दे त्यांचं त्यांना, असं तो म्हणत होता, आणि मी त्याचं ऐकलं.

मुलगी सहा वर्षांची असताना दोघी मला भाजीबाजारात भेटल्या. दिवस मावळत होता. पायरी उतरताना मुलगी पाय पुढे करून जमीन चाचपत होती, आईचा पदर मुठीत धरून.

"संध्याकाळ झाली की धडपडते हो," सुमनताई म्हणाल्या. "चष्मा लागेल का, ताई?"

"लागेल बहुतेक," मी म्हटलं.

त्यांना हायसं वाटलं. "मावशींना नमस्कार कर," त्या मुलीला म्हणाल्या.

मी तिची आत्या. ती वाकली, पण माझे पाय तिला दिसेनात. हाताने चाचपून तिने ते शोधले. मी उभी होते, तशीच उभी राहिले.