मामांची दुसरी टाकी

आमच्या पाणीवाल्या मामांइतका सबुरीचा माणूस अख्ख्या मराठवाड्यात सापडायचा नाही, आणि सबुरीने समोरच्याचा जीव खाणाराही दुसरा कुणी सापडायचा नाही. मामा म्हणजे माझ्या आईचे भाऊ नव्हेत. गारखेड्यात आमच्या गल्लीला पाणी सोडतो तो गल्लीचा मामा, एवढंच नातं. मूळचे ते गंगापूरकडचे, घरी मेंढरं. तरुणपणी मेंढरांना रामराम करून शहरात आले आणि निवृत्त होईपर्यंत खांद्यावर लोखंडी चावी टाकून रस्त्याखालचे व्हॉल्व्ह उघडत नि बंद करत फिरले. दुष्काळाच्या त्या वर्षांत आमच्या नळाला आठव्या दिवशी पाणी यायचं. कॅलेंडरपेक्षा मामांची सायकल बघून आम्ही वार ओळखायचो.

या आठ दिवसांनी मामांच्या डोक्यात कायमचं घर केलं होतं. एखाद्या भागातून तक्रार आली की ते एकच व्हॉल्व्ह दोन आटे फिरवायचे आणि पुढची पाळी येईपर्यंत स्वस्थ बसायचे. फरक कळला तर त्याच एका बदलाने कळला पाहिजे, असा त्यांचा दंडक. नोकरीत तो शोभला. पण डॉक्टरांनी एकदा रक्तदाबाच्या दोन गोळ्या दिल्या, तर यांनी आठ दिवस एकच घेतली आणि नंतरचे आठ दिवस फक्त दुसरी. नेमकी कोणती लागू पडते ते कळायला नको का? डॉक्टरांनी हात टेकले. दुसरी सवय साठवणीची. घरात सात ड्रम, गच्चीवर दोन टाक्या, दोन चष्मे, आणि पावसाचा थेंब नसलेल्या वर्षांतसुद्धा दोन छत्र्या. मामींनी त्यातली एक भंगारात घातली, तेव्हा मामा तिला शोधत भंगारवाल्यामागे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला हर्सूलपर्यंत गेले आणि घेऊन आले.

निवृत्त झाल्यावर त्यांनी एक काम अंगावर घेतलं. शहर चहूकडे वाढत होतं, रस्त्यावर डांबराचे थर चढत होते आणि व्हॉल्व्ह त्याखाली गाडले जात होते. नकाशा कुणाकडेच नव्हता. होता तो मामांच्या डोक्यात. मग त्यांनी एकेका जागी जाऊन फोटो काढले, ते घरच्या कॉम्प्युटरवर ठेवले आणि प्रत्येकाखाली खूण लिहिली. 'लिंबापासून सात पावलं, गिरणीकडे तोंड करून.' लिंब तोडून वर्षं लोटली होती आणि गिरणीच्या जागी मोबाइलचं दुकान आलं होतं, पण त्याने मामांचं काही अडत नव्हतं.

पुढे तो कॉम्प्युटर बंद पडला. पुण्याच्या मुलाने आपला जुना लॅपटॉप पाठवला आणि एका दुकानदाराने जुन्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क काढून लॅपटॉपमध्ये सीडीच्या जागी बसवून दिली. मामांनी गल्लीभर सांगितलं की आता आपल्याकडे टाकीवर टाकी झाली. आणि त्याच दिवसापासून लॅपटॉप रांगायला लागला. चालू करून चहा टाकावा, प्यावा, कपबशी विसळून ठेवावी, तेव्हा कुठे पडद्यावर काही दिसे. एक फोटो उघडायला पाच-पाच मिनिटं. दुसऱ्या कुणी दुकान गाठलं असतं. मामांनी वही काढली. पहिला आठवडा: प्लग बदलला, फरक नाही. दुसरा आठवडा: माउस काढला, फरक नाही. तिसरा आठवडा: टेबल खिडकीजवळ नेलं, हवा बरी, फरक नाही.

चौथा आठवडा लागला आणि पाणी खात्याचा एक तरुण इंजिनियर त्यांच्या दारात आला. आमच्या भागातले रस्ते सिमेंटचे होणार होते, काम सोमवारी सुरू. सगळ्या व्हॉल्व्हच्या जागा त्याआधी हव्या होत्या, कारण सिमेंट पडल्यावर जो खाली राहील तो कायमचा राहील. मामांनी यादी देतो म्हणून शब्द दिला आणि लॅपटॉप पिशवीत घालून तडक माझ्याकडे आले. मी कॉलेजच्या संगणक प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे गल्लीतला प्रत्येक बिघाड, मिक्सरसकट, माझ्या दारी येतो.

"ताई," मामा म्हणाले, "एक टाकी हुती तवा मशीन पळायचं. दोन झाल्या तं रांगतंय. पानी वाढलं तं प्रेशर कमी कसं काय व्हतं?"

मी खालचा एक स्क्रू काढला, जुनी डिस्क बाहेर ओढली आणि लॅपटॉप चालू केला. झटक्यात सुरू झाला. डिस्क परत बसवली, पुन्हा रांगणं सुरू. मामा मला थांबवून खाली वाकले. व्हॉल्व्हवर चावी टेकवून तिला कान लावावा आणि खालचं पाणी ऐकावं, तसा त्यांनी लॅपटॉपला कान लावला. आतून बारीक टकटक येत होती.

"फुटकी लाइन हाय," ते म्हणाले. "मशीन तिच्यापाशीच थांबून राहतंय."

निदान अगदी बरोबर होतं. डिस्क शेवटच्या घटका मोजत होती. लॅपटॉप तिच्याकडे काही मागायचा आणि उत्तराची वाट बघत बसायचा. ती काढून टाकली की दुखणं संपत होतं. पण मामांचे सगळे व्हॉल्व्ह तिच्यातच होते, आणि मामा तीन आठवडे तिला रोज उठवून कामाला लावत होते. पहिल्याच आठवड्यात आला असतात तर सगळं निघालं असतं, असं मी बोलून गेले. मी ते बोलायला नको होतं.

शुक्रवारी आणि शनिवारी आम्ही प्रयोगशाळेत एकेक फोटो बाहेर काढत बसलो. आधी जुन्या वस्तीतले काढा, असं मामांनी सांगितलं; नव्या वसाहतींचे ठेकेदार अजून हयात आहेत, विचारता येईल, जुन्यांचं मात्र त्यांच्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. शनिवारी दुपारी टकटक थांबली आणि डिस्क गेली. रोज पायाखालचा म्हणून मामांनी शेवटी ठेवलेल्या आमच्या रस्त्यावरचे चौदा फोटो राहिले होते.

सोमवारी सकाळी मामा चुन्याची पिशवी घेऊन इंजिनियरच्या पुढे चालले. नसलेल्या झाडापासून पावलं मोजत त्यांनी चौदा गोल काढले. मजुरांनी खणलं. तेरा ठिकाणी लोखंड लागलं. चौदाव्या गोलात कंबरभर खड्डा झाला, आजूबाजूलाही खणलं, तरी मुरूमच निघाला. मामा तोवर उन्हाने थकून घरी गेले होते. इंजिनियर भला माणूस. हळूच म्हणाला, "म्हाताऱ्याला नका सांगू, ताई."

काँक्रीट पडलं, तेरा ठिकाणी लोखंडी झाकणं बसली. मामा एका संध्याकाळी रस्ताभर चालून आले आणि माझ्या पायरीवर टेकले. झाकणं तेराच आहेत, म्हणाले. मी सांगितलं की एक झाकण कमी पडलंय, येणार आहे. मामांनी मान हलवली.

"नाय ताई. तिथं नसंल तो. माझंच चुकलं."

इतक्या वर्षांत मामांच्या तोंडून मी हे कधी ऐकलं नव्हतं, आणि ऐकताना फार वाईट वाटलं. त्या उन्हाळ्यानंतर मामा-मामी पुण्याला मुलाकडे राहायला गेले. चौदावा व्हॉल्व्ह आमच्या रस्त्याखाली कुठेतरी असणारच. तो उघडा आहे की बंद, हे मामांना नक्की माहीत असेल. ते विचारायला म्हणून मी दोनदा फोन लावला, आणि त्यांचं 'माझंच चुकलं' आठवून दोन्ही वेळा तब्येतीचंच विचारून ठेवून दिला.