मोजणीबाईच्या पाठीतल्या सुया

कपडे शिवायच्या कारखान्यात तिला सगळे मोजणीबाई म्हणत. मापाच्या कपड्याला टाचण्या लावताना ती मोजायची, काढतानाही मोजायची. एखादी आत राहिली तर गिऱ्हाइकाला टोचणार, या धास्तीने ही खोड जडली ती जडलीच.

आता तिचा उजवा खांदा धरला होता. कात्री चालवली की कळ कोपरापर्यंत उतरायची. मालकाने गोड बोलून सांगून टाकलं होतं, महिनाअखेरीपर्यंत हात सुधारला नाही तर कटिंग टेबलावर दुसरी बाई येईल; हिने काज-बटणं करावीत. काज-बटणं म्हणजे हिच्या लेखी जिवंतपणी फोटोला हार.

म्हणून ती ॲक्युपंक्चरला तयार झाली. सुया टोचणाऱ्या डॉक्टरीणबाई आधी आणि नंतर तोंडात कापसाचा बोळा धरायला लावून लाळ तपासायला पाठवत. दुखणं लांबलं की शरीर सतत पहाऱ्यावर बसतं, कॉर्टिसॉल नावाचं ताणाचं संप्रेरक सोडत राहतं आणि ताठलेला खांदा आणखी ताठतो, असं त्यांनी समजावलं होतं. सुयांनी कुणाचं ते उतरतं, कुणाचं नाही. तुमचं बघू, एवढंच त्यांचं आश्वासन.

हिचं उतरायच्या ऐवजी चढलं. दुसऱ्या खेपेलाही चढलंच. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, सुयांची भीती वाटते का. सुयांना भ्यायले असते तर आजवर खाल्लं काय असतं, असं हिचं उत्तर. मग पडल्या पडल्या करता तरी काय?

"मोजते," ती म्हणाली. "तुम्ही किती टोचल्या ते. पाठीत एखादी राहून गेली तर?"

"अहो काकू, मी मोजतेच की."

"तुम्ही मोजता. पण मला दिसत नाही ना."

तिसऱ्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी तिच्या नवऱ्यालाच स्टुलावर बसवलं. तो त्याच कारखान्यात इस्त्रीवर होता. काढलेली सुई ठेवायची वाटी त्याच्यापुढे ठेवली आणि मोजणी त्याच्या गळ्यात घातली. पालथी पडून तिने बजावलं, नीट लक्ष ठेवा, गप्पा मारत बसाल.

"कुणाशी मारू? तुझ्या पाठीशी?"

ती थोडा वेळ पुटपुटली. मग श्वास लांबला. मग ती चक्क घोरायला लागली.

त्या दिवशी कॉर्टिसॉल उतरलं. एका आकड्यावरून काही ठरत नाही, डॉक्टरीणबाईंनी कळवलं. पण पुढच्या वेळीही काकांना आणा.

हा निरोप यायच्या आधी, दवाखान्याचा जिना उतरतानाच, तिने नवऱ्याला विचारलं होतं, किती निघाल्या?

"मोजल्याच नाहीत," तो म्हणाला. "तू झोपलीस, तेच बघत बसलो."

ती पायरीवरच थांबली. त्याच्या बावळटपणाचा उद्धार करत हात मागे नेऊन पाठ चाचपायला लागली. सुई नव्हती. कळ आली, पण नेहमीच्या निम्मी. नवरा तिच्या हाताकडे बघत होता. हात उजवा होता.

"चल," तो म्हणाला. "कटिंग टेबल अजून तुझंच आहे."