औक्षणाचं तबक

शहापुरात आमच्या किराणा दुकानासमोर पक्षाचं कार्यालय होतं. तिथं महिला आघाडीचं सगळं एक ताई बघायच्या. खर्डीहून यायच्या, चपला पिशवीत घालूनच बैठकीला बसायच्या आणि काहीही विचारलं की म्हणायच्या, "बगू, वरून काय येतंय."

ग्रामपंचायतीत बायकांना राखीव जागा आल्या होत्या. विधानसभेला मात्र वरून पुरुषाचंच नाव यायचं. त्याला ओवाळायचं पितळी तबक त्या माझ्या फळीवर ठेवत, कारण कार्यालयाच्या कपाटाची किल्ली त्यांना कुणी कधी दिली नाही. त्या तबक मागायला आल्या की मला त्यांच्या या मुकाट ऐकण्याची चीड यायची.

त्या वर्षी विधानसभेच्या तिकिटासाठी इच्छुकांच्या मुलाखती होत्या. पक्षाचे निरीक्षक येणार म्हणून त्यांनी तबक नेलं, तेव्हा मी तोंडच फिरवलं. गाडी आली. बघतो तर त्यांनी पेटलेल्या निरांजनासकट तबक तालुकाध्यक्षांच्या हातात दिलं.

"भाऊ, आज तुमी ओवाळा. मी मुलाखतीला बसते."

आणि इच्छुकांच्या रांगेत खुर्ची ओढून बसल्या.

पुढे यादी आली, त्यांना तिकीट मिळालं नाही. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "ताई, तबक?"

"ज्याच्या हातात दिलं त्याच्याकडं राहू दे. पुढच्या टायमाला पन मी मुलाखतीलाच येनार."

केवढं हायसं वाटलं! तबकाच्या जागी मी लोणच्याच्या बरण्या मांडल्या.