मांडवातला जोडीचा खेळ

परवा पुतणीनं मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. "काकू, बघा तरी!" कुठली तरी पोरंपोरी आपापल्या घरात बसून टीव्हीवरच्या एका जुन्या खेळाची हुबेहूब नक्कल करत होती. तसाच पडदा, तसंच संगीत, तसाच तो हात हलवत बोलणारा सूत्रसंचालक, फक्त खुर्च्या घरच्या. इंटरनेटवर अशा नकला हौसेनं करणारे पुष्कळ आहेत म्हणे. मी म्हटलं, "त्यात काय नवल? तुझ्या बापानं हे आष्ट्याच्या मांडवात केलंय, तू जन्मायच्या आधी." झालं, मागंच लागली, सांगा ना, सांगा ना. मी पिशवी उचलली आणि दळण आणायला निघून गेले. काय सांगायचं त्यात? मला नुसती लाज आठवते, आणि एवढी वर्षं गेली तरी ती तिळभर कमी झालेली नाही.

मी साताऱ्याची, गावातली, पेठेतली. तोंडानं फटकळ. माझी आई म्हणायची, हिला सासरी बोलायचं कमी कर म्हणून सांगायला माणूस ठेवावा लागेल. तो काही ठेवावा लागला नाही. लग्न होऊन आष्ट्याला आले आणि तोंडाला आपोआप कुलूप लागलं. घर शेतकऱ्याचं, ऊस, म्हशी, माणसांची ये-जा. नवरा फौजेत. आमच्याकडं फौजी माणूस सुट्टीवर येतो, लग्न करतो आणि जातो. बायको राहते सासू-सासऱ्यांजवळ. पत्र यायचं ते मामांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या नावानं, आणि मामा ते सोप्यात बसून सगळ्यांना वाचून दाखवायचे. ऊस किती वाढला, म्हैस व्याली का, आईच्या गुडघ्याला तेल लावता का. शेवटी "घरातली मंडळी ठीक असतील" अशी एक ओळ. त्या मंडळींत मी. एवढ्याशा ओळीत नवरा-बायकोनं एकमेकांना ओळखायचं तरी किती, तुम्हीच सांगा.

त्या वर्षी हे गणपतीला सुट्टीवर आले. आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी गोठ्यात शेण भरत होते, तर हे मागनं येऊन हळूच म्हणाले, "क्वार्टरचा नंबर लागलाय. येनार का?"

माझ्या हातातलं घमेलं पडायचं राहिलं. फॅमिली क्वार्टर म्हणजे पलटणीतलं घर. दोन खोल्या, पण माझ्या. तिथं भाजी कुठली करायची ते मी ठरवणार, दुपारी झोप आली तर झोपणार, नवऱ्याशी मोठ्यानं बोलणार. मी म्हटलं, "अहो, आत्ता निघते!"

"हळू बोल की," हे म्हणाले. "आईला कोन इचारनार, ते सांग."

खरा पेच तो होता. पोरगा आईला म्हणणार, बायकोला घेऊन जातो? गाव लगेच बाईलबुद्ध्या म्हणून मोकळं. आणि मी कुठल्या तोंडानं म्हणणार, मला न्या म्हणून? आत्यांचे, म्हणजे सासूबाईंचे, गुडघे दुखतात, घरात दुसरी बाई नाही. आत्या स्वतः म्हणाल्या तरच काम होणार होतं. आणि आत्या म्हणजे कमी बोलणारी, डोळ्यांनीच काम सांगणारी बाई. मला तर त्या तुरुंगाच्या जेलरसारख्या वाटायच्या. सुट्टी संपायच्या आत क्वार्टरचं हो की नाही कळवायचं होतं. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता.

इकडं माझ्या धाकट्या दिराच्या, म्हणजे आमच्या भावजींच्या अंगात भलतंच वारं शिरलेलं. टीव्हीवर तेव्हा नवरा-बायकोच्या जोड्यांचा एक खेळ लागायचा. भावजी त्याचे भक्त. तो लागला की घरात कुणी खोकायचं नाही. नवऱ्याला बायकोबद्दल प्रश्न विचारायचे, तेवढा वेळ बायकोच्या कानाला हेडफोन लावून गाणी सुरू. मग तेच प्रश्न बायकोला. उत्तर जुळलं की टाळ्या. भावजींनी ठरवलं, यंदा मंडळाच्या मांडवात हाच खेळ, अगदी टीव्हीत असतो तसा! पडद्याला मंडळाच्या सतरंज्या, त्यावर सोनेरी कागदाची चांदणी. संगीत टीव्हीसमोर टेप धरून भरून घेतलेलं, त्यात मधेच आमच्या म्हशीचं हंबरणं. उत्तर जुळलं तर शाळेची घंटा, चुकलं तर ट्रॅक्टरचा हॉर्न. गल्फमध्ये असलेल्या कुणाच्या तरी घरून वॉकमन मागून आणलेला. पलीकडच्या आळीच्या मंडळाची पोरं आधीच टिंगल करत होती, "ह्ये काय हुतंय ह्यांच्यानं!" त्यामुळं भावजी इरेला पेटलेले.

आणि जोड्यांमध्ये आमचं नाव. "दादा फौजी हाय, दादा-वैनी आल्याबिगर रंगत न्हाई," म्हणे. मी नको नको म्हणत होते, पण मामांनी होकाराची मान हलवली, संपलं.

संध्याकाळी आरती झाली आणि मांडव भरला. आमच्या आधी शाळेतल्या एका मास्तरांची जोडी बसली. त्यांचं एकही उत्तर जुळेना. दर वेळी ट्रॅक्टरचा हॉर्न भों करून वाजायचा आणि पोरं शिट्ट्या मारायची. कुणीतरी ओरडलं, "मास्तर, बायकू कुनाची आनलाय?" मांडव फुटेस्तोवर हसला. ती बाई उतरली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते. आमच्या पुढ्यात पहिल्या रांगेत मामा, आत्या, चुलत सासरे, सगळी भावकी. त्यांच्यासमोर तो हॉर्न माझ्यासाठी वाजणार होता.

मी खुर्चीवर बसले. भावजी हेडफोन घेऊन आले आणि माझ्या डोक्यावरचा पदर बघून अडले. टीव्हीतल्या बायकांच्या डोक्यावर कुठं पदर असतो? मी तो मागं सारायला हात नेला, तर खालून आत्यांनी डोळे मोठे केले. हात तिथंच थांबला. मग भावजींनी पदरावरूनच हेडफोन चढवला. नवीन साडी, जरीचा काठ, गुळगुळीत. मी जराशी मान हलवली आणि तो वर सरकला, कानाच्याही वर. गाणं वाजत होतं, पण मला डास गुणगुणल्यासारखं. आणि पाठीमागं मंडळाचा कर्णा, त्यातून माझ्या नवऱ्याचा आवाज खणखणीत.

तेव्हाच हात वर करायचा होता. "भावजी, मला ऐकू येतंय," एवढं म्हणायचं. पण भरल्या मांडवात, भावकीसमोर, सुनेनं स्टेजवरून ओरडायचं? आणि भावजींचं हसं झालं असतं ते वेगळंच. मी मांडीवर हात ठेवून बसून राहिले, देवाच्या डाव्या अंगाला.

भावजींनी पहिला प्रश्न टाकला. वैनींची आवडती भाजी कुठली? "कारलं!" हे छातीठोक म्हणाले. अरे देवा! मला कारल्याचा वास सहन होत नाही. सगळे जेवून उठल्यावर पातेल्यात कारलंच उरायचं म्हणून मी खात होते, ते यांनी पाहिलेलं. मग, आवडता रंग? "हिरवा." यांनी आणलेली साडी हिरवी होती ना! वैनी रागावल्यावर काय करतात? "ती रागवतच न्हाई," हे म्हणाले. माझी आई तिथं असती तर खुर्चीवरून पडली असती. हसावं का रडावं कळेना. हा माणूस जिच्याबद्दल बोलत होता ती बाई मला ओळखीचीच वाटेना.

मग भावजींनी आपल्या मनाचा एक प्रश्न टाकला. त्यांना कुठून कुणकुण लागली होती कोण जाणे. "शेवटचा सवाल! वैनींना इचारलं, दादासंगं क्वार्टरला जायचं का हितंच ऱ्हायचं, तर काय म्हनतील?"

पहिल्या रांगेतली भावकी पुढं सरकून बसली. यांनी आत्यांकडं पाहिलं. मग कर्ण्यातून आलं, "हितंच ऱ्हानार. आई-आबांना सोडून ती कुटं जायची न्हाई."

गोठ्यात मला विचारणारा माणूस हाच ना?

माझी पाळी आली. हेडफोन काढला. भावजींनी विचारलं, भाजी? मी यांच्याकडं पाहिलं. चेहरा उजळलेला, कपाळावर अष्टगंध, लहान पोरासारखी आशा डोळ्यांत. आणि बाजूला एक पोरगा ट्रॅक्टरच्या हॉर्नवर हात ठेवून टपलेला. "कारलं," मी म्हटलं. घंटा! मांडवानं टाळ्यांचा कडकडाट केला. हिरवा. घंटा! "मी नाही रागवत." घंटा! शिट्ट्या, फेटे हवेत. त्या टाळ्या चढतात हो माणसाला. तीन घंटा झाल्यावर चौथ्याला हॉर्न कोण वाजवून घेईल? शेवटचा प्रश्न आला, माइक तोंडाशी आला, आत्या माझ्याकडं टक लावून बघत होत्या. आणि फटकळ म्हणून नावाजलेली मी, पदर सावरत म्हणाले, "मी इथंच बरी आहे. आत्यांना सोडून कुठं जाऊ?"

घंटा इतकी वाजली की तिचा लोलक निसटला. आदर्श जोडी म्हणून आमच्या हातात नारळ दिले. पलीकडच्या मंडळाची पोरंसुद्धा टाळ्या वाजवत होती. आत्यांनी पदरानं डोळे पुसले. मला वर बघवेना.

सकाळी परड्यात हे दाढी करत होते. मी पाणी ठेवायला गेले. आरशातूनच म्हणाले, "गोठ्यात येते म्हनालीस, मांडवात न्हाई म्हनालीस. खरं कुटलं?"

माझा तोल गेला. "मला काय विचारता? तुम्हीच आधी नाही म्हणालात, म्हणून मी तसं म्हटलं!"

"आईफुडं मी दुसरं काय म्हननार? मला वाटलं, तू खरं बोलशील. माजं उत्तर चुकलं, सून जाऊ म्हनतीया, असं सगळ्यांदेखत झालं असतं तर आईनंच जा म्हटलं असतं. म्हनून तर..." आणि हे थांबले. हातातला वस्तरा तसाच राहिला. "तू बोलायच्या आधीच तुला कसं कळलं मी काय म्हनालो त्ये?"

मी पाण्याचा तांब्या उगीच इकडचा तिकडं केला.

"ऐकू येत हुतं व्हय तुला?"

मी मान खाली घातली. यांनी वस्तरा खाली ठेवला. मग एकदम हळू आवाजात विचारलं, "म्हंजे कारलं बी...?"

शपथेवर सांगते, त्या वेळी धरणीनं पोटात घेतलं असतं तरी मी गेले असते. हा माणूस आदल्या रात्रीपासून छाती काढून हिंडत होता. पारावर सांगत होता, पत्रात ओळ न्हाई तरी बायकू सगळी वळकतो मी. आता एका गालाला साबण, आणि डोळे असे झालेले की मला बघवेनात. मी म्हटलं, "अजून वेळ आहे. आत्यांना सांगू या."

"काय सांगू? तुमची सून गनपतीफुडं खोटं बोलली म्हनून? जाऊ दे." यांनी तोंड धुतलं. दाढी एकाच गालाची झाली होती, ते त्यांच्या लक्षातही आलं नाही. सुट्टी संपली तशी बॅग उचलून गेले. क्वार्टर दुसऱ्या जवानाला मिळाली. पुढं त्यांची बदली सरहद्दीवर झाली, तिथं बायकामाणसं नेता येत नाहीत.

ते गेल्यावर आत्यांचं माझ्याशी वागणंच बदललं. डोळ्यांनी सांगणं बंद झालं, "पोरी" म्हणायला लागल्या. पाणवठ्यावर, दुकानात, भेटेल तिला, "माजी सून काय म्हनाली ऐकलंस न्हवं?" मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एवढी माया, आणि ती मिळवली कशावर? आणि माझ्या ताटात न विसरता कारलं. स्वतःच्या हातानं वाढायच्या, डावभर, कौतुकानं. मी खायची.

एक दिवस दुपारी त्यांनी मला माळ्यावरून गोणपाटात बांधलेलं गाठोडं खाली काढायला लावलं. सोडून बघते तर नवा स्टोव्ह, छोटा कुकर, दोन ताटं, दोन वाट्या, पोळपाट, सगळं कोरं करकरीत. मी बघतच राहिले. दोघांच्याच संसाराचं ते सामान होतं.

"गनपतीच्या आधी सांगलीस्नं आनून ठिवलं हुतं," आत्या म्हणाल्या. "त्यो लाजतोय बोलायला, मला काय कळत न्हाई व्हय? मी हितनं हुंबऱ्याबाहेर न्हाई गेली कवा. म्हटलं, पोरीनं तरी नवऱ्याजवळ ऱ्हावं. दसरा झाला की धाडनार हुते तुला. पर तूच न्हाई म्हनालीस, समद्या गावाफुडं. मला तर रडूच आलं बग." त्यांनी कुकर फडक्यानं पुसला आणि माझ्या हातात दिला. "असू दे. आता हितंच वापरू. डाळ लाव आज ह्यात."

मी डाळ धुतली, पाणी घातलं, झाकण लावलं. पहिली शिट्टी व्हायच्या आत मला हुंदका आला तो आवरेना. आत्या गुडघे धरत उठल्या, जवळ आल्या, माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"आठवन आली व्हय त्याची?" म्हणाल्या. "येतोय की परत."

मी होय म्हटलं.