शेवटून दुसरी खुंटी

कुमुदताई गेल्याची बातमी मला शेवंतानं दिली. सकाळी दार उघडलं तर ही ओसरीत उभी, हातात ताईंची कातडी बॅग. "डॉक्टरबाई उठून नाही राहिल्या. ब्याग कोनाले देऊ?" एवढंच म्हणाली. मी तशीच अनवाणी शेजारच्या घरात धावले. ताई कुशीवर झोपलेल्या, चष्मा उशाशी नीट मिटून ठेवलेला... झोपेतच गेल्या. असं मरण सगळ्यांना यावं, असं लोक म्हणाले, मीही म्हटलं. खरं सांगायचं तर मला त्यांचा रागच आला होता. रोज संध्याकाळी चहाला बसणारं माणूस असं न सांगता उठून जातं का?

भंडाऱ्याची नोकरी संपवून त्या सानगडीला वडिलांच्या घरी राहायला आल्या, तेव्हा मी इथल्या मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका होते. आमची ओळख भांडणातून झाली. मुलींना तपासायला म्हणून आल्या आणि थेट स्वयंपाकघरात शिरून वरणात डाव फिरवत म्हणाल्या, "यात डाळ कुठं आहे?" मी चार दिवस बोलले नाही. पाचव्या दिवशी वरण दाट केलं आणि त्यांना जेवायला बोलावलं. मग आमचं जे जुळलं ते जुळलंच.

शेवंता तेव्हा वसतिगृहात होती, लाखांदूरकडच्या एका खेड्यातून आलेली. वय चौदा-पंधरा, अंगानं मात्र चौथीतली वाटायची. बोलणं इतकं चुरुचुरु की तिला काही जमत नाही यावर कुणाचा विश्वासच बसत नसे. एकदा धान्याच्या खोलीचं दार तिच्या हातून उघडं राहिलं आणि गावातल्या शेळ्यांनी तांदळाची पोती फाडली. विचारलं तर तिनं प्रत्येकाला वेगळी हकिकत सांगितली. झालं! मुलगी खोटारडी, उडाणटप्पू, तिला घरी पाठवा, असं संस्थेच्या मंडळींनी ठरवलं. घरी गेली की लग्न लावून देणार हे उघड होतं. सासरी असं दार उघडं राहिलं तर तिचे काय हाल होतील, या विचारानं मला जेवण गोड लागेना.

ताईंनी मंडळींकडून थोडी मुदत मागून घेतली. त्यांच्या एका नागपूरच्या मैत्रिणीनं परदेशी मासिकातला लेख पाठवला होता. आई गरोदर असताना दारू पोटात गेली तर बाळाच्या मेंदूवर जन्मभराचा परिणाम होतो, चेहऱ्यावरही खुणा राहतात, असं त्यात होतं. तेव्हा ते तिकडेही नवंच होतं. ताई पारदर्शक फूटपट्टी घेऊन शेवंताच्या डोळ्यांची रुंदी मोजत, नाकाखालची पन्हळ बघत. पण वय वाढलं की चेहरा बदलतो, चेहऱ्यावर भरवसा नको, असं त्याच म्हणत. खरी तपासणी कामातून चाले. चूल पेटव, घागर भर, दाराला कडी लाव, असं एका दमात सांगितलं की शेवंता फक्त कडी लावून येई. एकेक सांगितलं की तिन्ही कामं चोख. आणि खोटं? "मधलं आठवत नाही, म्हणून ती सुचेल ते भरून काढते. यात लबाडी नाही," ताई म्हणाल्या.

राहता राहिली आई. तिला बोलावून घेतलं, तर एसटीतून सासूही आली. ताईंनी दारूचा शब्द काढला नाही. भाताच्या रोवणीच्या चिखलात दिवसभर वाकून अंग दुखत असेल, तेव्हा काय घेत होतीस, असं विचारलं. सुनेनं तोंड उघडायच्या आत म्हातारीच कौतुकानं बोलली. मोहाची पहिल्या धारेची घरात असायची, पोटुशी सून म्हणून सगळ्यांच्या आधी तिला मिळायची. "माह्या हातानं देत होती मी," ती म्हणाली. त्या घरात सुनेइतके लाड बहुधा कुणाचेच झाले नव्हते.

आईच्या मात्र ध्यानात आलं. तिनं खाली मान घालून विचारलं, "बाई, माह्यानं झालं का हे?"

मला वाटलं, ताई नाही म्हणतील. त्या म्हणाल्या, "मले तसं वाटते. पर तुमाले हे कोनी सांगतलं होतं का? सांगाचं काम आमचं होतं, ते आमी केलं नाही." म्हातारी तोंडाला पदर लावून रडत होती. ताईंनी तिचा हात सोडला नाही. पुढे दर रोवणीला त्या बांधाबांधानं फिरून गरोदर बायांना समजावत, पण आधी सासवांना गाठत. बाटली त्यांच्या हातात असते, म्हणत.

मंडळींपुढे आईचं नाव त्यांनी येऊ दिलं नाही. मुलीला बोललेलं लक्षात धरून ठेवता येत नाही, हातातली वस्तू धरता येते, एवढंच सांगितलं. वसतिगृहाच्या भिंतीला ओळीनं खुंट्या ठोकून घेतल्या. पहिलीला झाडू, मग बादली, मग धान्याच्या खोलीची किल्ली. एक वस्तू परत टांगली की पुढची घ्यायची. मंडळी हसली, पण दार पुन्हा उघडं राहिलं नाही आणि शेवंता राहिली. वसतिगृहातले दिवस संपल्यावर आईच्या संमतीनं ती ताईंच्याच घरी आली, तशा खुंट्या तिथंही आल्या. शेवटून दुसरीला ताईंची बॅग. सकाळी ताई रोगी बघायला निघाल्या की ती दारात नेऊन त्यांच्या हाती द्यायची. शेवटच्या खुंटीला शेवंताची स्वतःची चिंध्यांची थैली. बॅग दिली की वाकळ शिवायला ती मोकळी.

तेरवी झाल्यावर ताईंचा जवाहरनगरचा भाचा सामान आवरायला आला. भला मुलगा, शेवंताला घरातच राहू दे म्हणाला. आठवण म्हणून बॅग तेवढी मागितली. मी सरळ नाही म्हटलं. त्याला वाटलं, म्हातारी हट्टाला पेटली. मग मी त्याला सकाळपर्यंत थांबवून घेतलं.

सकाळी शेवंतानं झाडून काढलं, पाणी भरलं, फुलं आणली. मग बॅग काढून दारात उभी राहिली. भाचा हळूच मला म्हणाला, हिला कुणी नीट सांगितलं नाही का? तिनं ते ऐकलं.

"मले मालूम हाये बाई गेल्या," ती म्हणाली. "पर ब्याग द्याची रायते ना."

मी पुढे होऊन बॅग घेतली. गेले काही आठवडे रोज घेते आहे. फाटकापर्यंत जाते, जरा थांबते, परत येऊन ती खुंटीला लावते. तोवर आत शेवंता सुईत दोरा ओवत बसलेली असते.