जेट बंद, तरी हिरवा उजेड

“जेट बंद आहे ना, प्राची?” पाटणकर सरांनी पुन्हा विचारलं.

“बंद आहे सर. हीलियमचा सिलिंडरसुद्धा बंद केलाय.”

“मग स्क्रीनवर हिरवं येतंय कुठून?”

तेच तर कळत नव्हतं! दसऱ्याचा दुसरा दिवस. परळच्या आमच्या लॅबमध्ये मी आणि आमचे हेड पाटणकर सर सकाळपासून त्या टेबलाभोवती घिरट्या घालत होतो.

प्लाझ्मा जेट म्हणजे काचेची बारीक नळी. तिच्यातून हीलियम सोडायचा, हाय व्होल्टेज द्यायचं, की टोकातून जांभळी ज्योत निघते. हात जवळ नेला तरी चटका बसत नाही. शेजारच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टर म्हात्रेंना ती डायबेटिसच्या न भरणाऱ्या जखमांवर वापरून बघायची होती. पहिल्या पेशंट शेलारकाकू. लालबागला खानावळ चालवतात, टाचेची जखम चिघळलेली. हॉस्पिटलच्या कमिटीची एकच अट: त्वचेजवळ इलेक्ट्रिक फील्ड किती, ते मोजून द्या. आकडा नाही तर परवानगी नाही.

ज्योतीत मीटर खुपसून चालत नाही, त्यानेच फील्ड बदलतं. म्हणून लेसर. डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड लेसर ज्योतीतून सोडला, की जिथे फील्ड असतं तिथे पुसटसा हिरवा उजेड तयार होतो; डिटेक्टर तो टिपून स्क्रीनवर दाखवतो. फील्ड जास्त, हिरवं जास्त. जेट बंद, की हिरवंही बंद. निदान व्हायला तरी हवं!

तेवढ्यात म्हात्रेंचा फोन. “मॅडम, कमिटी उद्या बसतेय. ही बैठक हुकली तर काकूंचा पाय वाचेल याची मला खात्री नाही हो.”

मी फोन ठेवून पुन्हा टेबलाकडे वळले.

“तुम्ही मुलं टेबल स्वच्छ ठेवत नाही,” सर करवादले.

मी लेसरचा रस्ता तपासत गेले. शेवटच्या लेन्सआधी एक फिल्टर आहे. मागून आलेलं सगळं हिरवं तो अडवतो. म्हणजे गडबड फिल्टरच्या पुढे. आणि पुढे होती फक्त ती लेन्स. लेसर बंद करून टॉर्च तिरका धरला. काचेवर पिवळा ठिपका.

“सर, काल पूजेचं हळद-कुंकू कुठेकुठे लावलंत?”

“सगळ्या यंत्रांना! लेन्सच्या होल्डरलासुद्धा...” सर थांबले. अंगठ्याकडे बघितलं. अजून पिवळाच होता. “अरे देवा!”

हसू दाबता दाबता माझी पुरेवाट झाली. लेसर पडला की हळदीचा कण तापून चमकायचा, आणि डिटेक्टर बापडा त्यालाच फील्ड समजायचा.

लेन्स बदलली. जेट बंद, स्क्रीन कोरी. हुश्श! माहीत असलेल्या व्होल्टेजवर माप पुन्हा ठरवून घेतलं. मग त्वचेऐवजी मिठाच्या पाण्याची जेली नळीखाली ठेवून मोजलं. आकडा कमिटीच्या मर्यादेत बसला. दुसऱ्या दिवशी परवानगी मिळाली.

काही महिन्यांनी शेलारकाकू लॅबच्या दारात उभ्या. स्वतःच्या पायांनी, चप्पल घालून! मला तर रडूच आलं. काकूंनी पिशवीतून कागदाची पुडी काढली.

“खंय असा तां मशीन? जरा हळद-कुंकू लावतंय.”

पाटणकर सर खुर्चीतून ताडकन उठले. “काकू, टेबलाच्या पायाला! फक्त पायाला!”

तेव्हापासून आमच्याकडे तोच नियम आहे. नमस्कार यंत्राला, हळद-कुंकू टेबलाच्या पायाला.